अण्णा ‘कवटी’वर मराठी शिकले

माझे वडील चाळिशी ओलांडल्यावर मराठी वाचायला शिकले, तेही भुतांच्या आणि तलवारबाजीच्या एका मासिकावर. हे सांगितलं की लोकांना वाटतं मी थट्टा करतेय, नाहीतर अण्णा परमुलखातले असावेत. तसं काही नव्हतं. अण्णा बिडकीनजवळच्या आमच्या गावात जन्मले, मराठीत रडले, मराठीत शिव्या शिकले आणि पुढं आयुष्यभर त्या अत्यंत सढळपणे वापरल्या. पण ते शाळेत गेले निजामाच्या राज्यात, आणि पाटीवर त्यांनी पहिलं अक्षर काढलं ते उर्दूतलं अलिफ. पुढं कचेरीत लागले, पेशकार झाले. पेशकार म्हणजे साहेबासमोर मिसली, आजच्या भाषेत फायली, ठेवणारा आणि लोकांच्या जबान्या लिहून घेणारा माणूस. समोरचा शेतकरी मराठीत बोलणार आणि अण्णांचा टाक उजवीकडून डावीकडं उर्दूत पळणार. त्यांचं उर्दू अक्षर इतकं देखणं होतं की ज्यांना वाचता येत नसे तेसुद्धा कागद हातात धरून मान डोलवायचे.

पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, आणि काही वर्षांनी कचेरीचं सगळं कामकाज मराठीत आलं. उर्दूत शिकलेल्या अहलकारांनी, म्हणजे कचेरीतल्या कारकुनांनी, मराठीची परीक्षा द्यावी असा हुकूम निघाला. अण्णा हसले. म्हणाले, ‘‘मराठीची परीक्षा आन् मला? आता माशाला पोहायची परीक्षा द्यायला लावतील.’’ आणि गेले, अन् नापास झाले. बोलता येणं वेगळं आणि बाळबोध लिपीत लिहिणं वेगळं, हे त्यांना परीक्षेच्या बाकावर बसल्यावर कळलं. आता एकच संधी उरली होती. ती गेली तर पेशकारी जाणार, म्हणजे आम्ही बिऱ्हाड उचलून गावी जाणार, आणि गावात शाळा चौथीच्या पुढं नव्हती. मी तेव्हा सातवीची परीक्षा देऊन बसले होते. गावच्या काकांनी माझ्यासाठी एक स्थळसुद्धा हेरून ठेवलं होतं. मुलाची चार बैलांची शेती आहे आणि मुलगा ‘तसा शांत’ आहे, असा निरोप होता. त्या शांत मुलाला मी कधी पाहिलं नाही. पण त्याच्या धास्तीनं मी त्या उन्हाळ्यात देवाला जितके नमस्कार घातले, तितके पुढं कशासाठीच घातले नाहीत.

आम्ही तेव्हा शहरात, शहागंजच्या मागं एका गल्लीत राहत होतो. दोन खोल्या, पुढं फरशीचं अंगण, अंगणात रांजण आणि एक बाज. पहाटे गिरणीचा भोंगा व्हायचा, मग मशिदीतली अजान, मग टांग्यांच्या घोड्यांच्या टापा, आणि मग माझी माय. मायचा आवाज या सगळ्यांवर मात करायचा. तिच्या हातची येसराची आमटी आणि ज्वारीची भाकरी खाल्ली की माणूस दिवसभर कुणाचंही ऐकून घेऊ शकत असे. अण्णांना कचेरीसाठी त्याची गरजही होती. आता मी डॉक्टरांच्या सांगण्यावरून बिनमिठाची मुगाची खिचडी खाते आणि येसराच्या वासाची नुसती आठवण काढते. सून म्हणते, आई, वासानं बीपी वाढत नाही, काढा आठवण.

अण्णांच्या शेजारच्या टेबलावर अजमत चाचा बसायचे. तेही पेशकार, तेही एकदा नापास झालेले. चाचांची मराठी अण्णांच्या मराठीपेक्षा गोड होती, पण कागदावरची त्यांनाही वाचता येत नव्हती. पोट पुढं, टोपी मागं, आणि प्रत्येक बाबतीत ठाम मत. त्यांचा भाऊ हैदराबादेत होता आणि ‘निघून ये’ म्हणून मागं लागला होता. चाचा म्हणायचे, ‘‘उधर जाके क्या करूं? वहाँ भाभीके हातची भाकर कोण देईल?’’ दोघांनी ठरवलं की अभ्यास आमच्या अंगणात करायचा, आणि शिकवायचं मी. दुसरं कुणाला विचारायची दोघांनाही लाज वाटत होती. माझी लाज वाटायचं कारण नव्हतं, कारण मला ते मोजतच नव्हते.

पहिले काही दिवस मी त्यांना पहिलीचं पुस्तक शिकवलं. ‘गवत हिरवे आहे. गाय गवत खाते.’ दोन मिशाळ माणसं मांडी घालून बोट ठेवून वाचायची. अण्णा थांबायचे. ‘‘खाते तर खाऊ दे की. मी काय करू?’’ चाचा म्हणायचे, ‘‘आगे क्या होता, बेटी? गाय को कोई मारता?’’ मी सांगायची, पुढच्या पानावर बदक आहे. बदक ऐकलं की चाचांना डुलकी लागायची. दोघंही आयुष्यभर उर्दूतले तिलिस्मी किस्से वाचून वाढलेले, जिनांच्या किल्ल्यांत आणि जादूगारणींच्या आरशांत रमलेले. त्यांना बदकाचं काय कौतुक? बदक तीन आठवडे तसंच तळ्यात राहिलं आणि परीक्षा जवळ येऊ लागली. मला रात्री रडू यायचं. दिवसा मी छडी आपटायची.

मग एका संध्याकाळी चाचा काखेत एक गठ्ठा मारून आले. शहागंजातल्या रद्दीवाल्याकडून आणला होता. वरच्या अंकावर एक हिरवी कवटी, कवटीच्या डोळ्यातून निघालेला साप, सापाखाली केस मोकळे सोडून पळणारी बाई आणि तिच्यामागं उघड्या छातीचा, हातात नंगी तलवार घेतलेला गडी. मासिकाचं नावच ‘कवटी’. मायनं ते पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. ‘‘अजमतभाऊ, हे घरात आणू नगा. पोरीचं लगीन व्हायचंय.’’ चाचा म्हणाले, ‘‘भाभी, आत सगळी मराठीच हाय.’’ शेवटी मायनं मुखपृष्ठावर वर्तमानपत्र चढवायला लावलं. बाई झाकली, पण सापाचं शेपूट बाहेर राहिलं.

अण्णांनी अंक हातात घेतला आणि सवयीनं मागून उघडला. उर्दू पुस्तकाची सुरुवात तिथंच असते ना. एक एक अक्षर लावत त्यांनी शेवटच्या पानावरची पहिली ओळ वाचली, आणि ती औषधाची जाहिरात निघाली. तरी त्यांनी ती पूर्ण वाचली, कारण तिच्यात ‘गुप्त’ हा शब्द होता. मग मी अंक उलटा करून दिला आणि कथा वाचायला घेतली.

त्या कथेचा नायक खड्गकेतू. त्याची छाती कपाटाएवढी, दंड मुसळासारखे, आणि तलवार अशी की म्यानातून निघाली की तिला रक्त पाजल्याशिवाय परत जात नसे. त्याचा वैरी अघोरदंत नावाचा मांत्रिक. हा डोंगरातल्या एका काळ्या मंदिरात प्रेतांचं सैन्य उभं करत होता. मी वाचत होते आणि अण्णांची बिडी हातातच विझली. ‘मंदिराचे द्वार आपोआप उघडले!’ असं मी म्हणाले तेव्हा चाचा बाजेवरून अर्धे उठले. ‘‘हे वेरूळच हाय,’’ ते खात्रीनं म्हणाले. ‘‘त्या मोठ्या लेण्याच्या मागं अंधारी कोठी हाय ना, तिथंच. मी गेलोय. वास येतो.’’ अण्णा म्हणाले, ‘‘गप बसा हो. पोरी, वाच पुढं.’’ मी नकार दिला. सातवीतल्या मुलीला जेवढी अक्कल असते तेवढी मला होती. मी म्हणाले, ‘‘पुढचं पान तुम्ही वाचायचं.’’

आणि अण्णांनी वाचलं. घाम गाळत, ओठ हलवत, जोडाक्षराला अडखळत, पण वाचलं; कारण दारातून काय बाहेर आलं हे कळल्याशिवाय त्यांना चहा गोड लागला नसता. प्रेत बाहेर आलं. चाचांनी त्यांच्या हातातून अंक हिसकावून पुढची चार वाक्यं लावली, कारण अण्णा फार हळू वाचतात असं त्यांचं म्हणणं पडलं. पंधरवड्यात दोघं बदकापासून ‘नरकपिशाच्चांच्या हिडिस हास्या’पर्यंत येऊन पोचले. इतकी जोडाक्षरं माझ्या शाळेतल्या बाईंनासुद्धा एका दमात म्हणता आली नसती.

माय सुरुवातीला आत बसून नाराजी दाखवायची. भांडी जरा जास्तच जोरानं वाजायची. मग भांड्यांचा आवाज कमी झाला. मग ती उंबऱ्याशी येऊन बसायला लागली, हातात निवडायला काहीतरी घेऊन. एकदा अघोरदंतानं एका राजकन्येला वेताळाच्या वेदीवर बांधलं आणि सुरा उगारला, तेव्हा आतून जळकट वास आला. भाकरी तव्यावर कोळसा झाली होती. आमच्या घरात त्याआधी भाकरी कधी जळली नव्हती. माय आत पळाली आणि तिथून ओरडली, ‘‘थांबा, मी आल्याबिगर मारू नगा तिला!’’ त्यानंतर वाचन तिच्या स्वयंपाकाच्या वेळा बघून होऊ लागलं. दिवेलागणीनंतर हौदावर पाणी आणायला मात्र तिनं साफ नकार दिला. पाणी अण्णांनी आणायचं, आणि अण्णाही मला बरोबर घेऊन जायचे. मी त्यांना भीती वाटते का असं विचारलं तर म्हणाले, ‘‘कंदील धरायला कुणी पायजे ना.’’

माझा नातू हल्ली मोबाइलवर असलंच काही बघतो. तलवारी, राक्षस, रक्त. मी त्याला म्हटलं, मला वाचून दाखव की. तो म्हणाला, आजी, ह्यात वाचायचं काहीच नसतं. मला त्याची दया आली, पण बोलले नाही.

‘कवटी’चा परिणाम अण्णांच्या बोलण्यावर व्हायला लागला. आजवर त्यांच्या मराठीत पाणी हे पाणीच होतं. एक दिवस कचेरीतून आले, पगडी काढली आणि मायला म्हणाले, ‘‘हे सुंदरी, या तृषार्ताला जल दे.’’ मायनं तांब्या ठेवला आणि त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. कचेरीत त्यांनी साहेबांना मराठीत पहिली चिठ्ठी लिहिली, ‘त्या भीषण कपाटात शोध घेतला असता मिसल आढळली नाही.’ साहेब नवे होते. त्यांनी कपाट बदलून दिलं. अण्णांना वाटलं, मराठी म्हणजे अशीच असते. बोलायची ती साधी आणि कागदावरची ती ही. उर्दूतही तसंच होतं की. घरी जी भाषा बोलायची ती कचेरीच्या कागदावर कधीच नव्हती.

एक गोष्ट मात्र त्या गठ्ठ्यात वाईट होती. अंक सुटे होते, मागचेपुढचे, एकाला दुसरा लागून नसलेले. आणि सगळ्या कथा लांबलचक, अंकागणिक चालणाऱ्या. त्यामुळं प्रत्येक कथा ऐन मोक्याला तुटायची. सुरा उगारलेला, राजकन्या बांधलेली, आणि खाली ठळक अक्षरात ‘क्रमशः’. चाचा चडफडायचे. रद्दीवाल्याकडं चार चकरा झाल्या, पुढचा अंक कधीच मिळाला नाही. पण चाचांचं डोकं असं की ते प्रत्येक गोष्टीचा अर्थ लावल्याशिवाय राहत नसे. त्यांनी सगळे अंक चाळले आणि अण्णांच्या मांडीवर थाप मारली. ‘‘दत्तूभाऊ, समझा! हर एक मजमूनके शेवटी एकच लफ्ज हाय. आपण मिसलीच्या खाली ‘फकत’ लिवतो ना, तसं हे मराठीतलं फकत हाय!’’ उर्दू कागदाच्या शेवटी ‘फकत’ लिहायची पद्धत होती, म्हणजे मजकूर इथं संपला. अण्णांना ते पटलं. मलाही पटलं. आमच्या पाठ्यपुस्तकात धड्याच्या शेवटी काही लिहिलेलं नसायचं, पण ते पुस्तक मुलांसाठी होतं. सरकारी कागदाची शिस्त वेगळी असणार, असं मी गृहीत धरलं. तेव्हापासून दोघं सरावाचा प्रत्येक कागद झोकदार ‘क्रमशः’ लिहून पुरा करू लागले.

परीक्षेच्या दिवशी मायनं धपाटे बांधून घेतले आणि म्हणाली, आपण पण जाऊ. कचेरीच्या व्हरांड्यात उमेदवारांच्या घरचे बसले होते, जणू काही कुणाचं ऑपरेशन चाललंय. सकाळी लेखी झाली. अण्णा आणि चाचा बाहेर आले ते खुशीत. प्रश्न सोपा होता म्हणाले. गावात विहिरीचा कठडा ढासळून बैल मेला, त्याचा पंचनामा लिहा. अण्णांनी अशा पंचनाम्यांनी उर्दूत कपाटं भरली होती. चाचा म्हणाले, ‘‘मी तर असा लिवला की वाचणाऱ्याची झोप उडंल.’’ 

दुपारी तोंडी. परीक्षक पुण्याकडून आले होते. सडसडीत, पांढरेशुभ्र कपडे, नाकावर चष्मा. जेवणाच्या वेळात त्यांनी सकाळचे कागद तपासले होते. चाचांचा नंबर आधी लागला. ते आत गेले आणि जरा वेळानं कपाळ पुसत बाहेर आले. ‘‘साहेबनं पूछा, बैलाचं पुढं काय झालं. मी म्हटलं, साहेब, त्याचं भूत झालं, गावाला लई त्रास देतं. साहेबनं चष्मा काढला. पण खूश हाय, दत्तूभाऊ. आपल्या ‘क्रमशः’ खाली लाल पेन्सिलीनं दोनदा लकीर मारलीय!’’ अण्णांनी मिशीवरून हात फिरवला आणि आत गेले. मी आणि माय खिडकीच्या गजांना चिकटलो. उन्हानं गज तापले होते, तरी सोडले नाहीत.

परीक्षकांनी अण्णांचा कागद पुढं केला. ‘‘हे आपण लिहिलंत?’’

‘‘व्हय साहेब.’’

‘‘मोठ्यानं वाचा.’’

अण्णा उभे राहिले. ते मराठी माझ्याकडून ऐकून शिकले होते, त्यामुळं मी जिथं दम घ्यायची तिथं ते दम घेत, मी जिथं आवाज चढवायची तिथं ते चढवत. सरकारी कचेरीत, पंख्याखाली, त्यांनी सुरू केलं, ‘‘सायंकाळची भेसूर वेळ होती. आकाशात गिधाडे घिरट्या घालीत होती. मौजे मजकूरची ती विहीर आपला काळाकभिन्न जबडा पसरून उभी होती! पंच समक्ष हजर होते. भयाने त्यांच्या अंगावर काटा उभा राहिला होता. इतक्यात... धडाड्! पूर्वेकडील कठडा कोसळला! एक हृदयभेदक किंकाळी आसमंतात घुमली! तो बैल होता! रंग तांबडा, शिंगे आखूड, किंमत अंदाजे दोनशे रुपये, असा तो बलदंड वृषभ अथांग अंधारात नाहीसा झाला! पंचांनी वाकून आत पाहिले... आणि त्यांचे डोळे पांढरे झाले! काय होते त्या विहिरीत? क्रमशः.’’

 दुसऱ्या खोलीतला चपराशी दारात येऊन उभा राहिला होता. परीक्षकांनी विचारलं, ‘‘काय होतं?’’

‘‘जी?’’

‘‘विहिरीत काय होतं?’’

अण्णा गोंधळले. ‘‘ठाव नाय साहेब.’’

‘‘अहो, आपणच लिहिलंय ना?’’

‘‘लिवलंय. पर पुढचा अंक आमाला कधी घावलाच नाय.’’

चपराशी हसला, मग व्हरांडा हसला, आणि परीक्षकांनी ओठ घट्ट मिटून मान खाली घातली. मग त्यांनी अण्णांना ‘क्रमशः’ म्हणजे काय ते समजावून सांगितलं. अण्णांचा चेहरा उतरत गेला तो मला अजून दिसतो. चाचा माझ्यामागं उभे होते. ते म्हणाले, ‘‘या अल्ला,’’ आणि खाली बसले. परीक्षक वाईट माणूस नव्हता. हळू आवाजात म्हणाले, ‘‘आपलं वाचन उत्तम आहे. पण पंचनामा वाचून बैल मेला की जिवंत आहे हेच कळत नसेल, तर मी पास कसं करू?’’

मायला हे सहन झालं नाही. उभ्या जन्मात ती परक्या पुरुषाशी बोलली नव्हती. तिनं गजांत तोंड घातलं आणि ओरडली, ‘‘अहो, मेला म्हणून लिवा ना! कामून जिता ठिवला त्याला?’’

परीक्षकांनी खिडकीकडं पाहिलं. मग एक कोरा कागद अण्णांपुढं सरकवला. ‘‘उरलेलं लिहा. इथंच बसून. गिधाडं नकोत, जबडे नकोत. जे झालं तेवढं लिहा.’’

अण्णा बसले. बराच वेळ त्यांनी काहीच लिहिलं नाही. मी खड्गकेतूचा, अघोरदंताचा, वेताळाचा, ज्याचं नाव आठवेल त्याचा धावा करत होते. मला गावातलं ते घर दिसत होतं आणि चार बैलांमागं चाललेला तो शांत मुलगा दिसत होता. मग अण्णा लिहायला लागले. सावकाश, एक एक अक्षर पाडत. लिहिताना त्यांनी एकदा बाहीनं नाक पुसलं. कागद दिला तो अर्धाही भरला नव्हता. परीक्षक म्हणाले, वाचा. या वेळी अण्णांनी माझ्यासारखा दम घेतला नाही. आवाज त्यांचा स्वतःचा होता.

‘‘विहीर पडली. बैल मेला. बैलाचे नाव राजा. मालक म्हातारा आहे. त्याला इचारले, नुकसान किती. तो म्हणाला, साहेब, सकाळी मी त्याला पाणी पाजायचं इसरलो. त्याला तहान लागली व्हती, म्हणून तो आपला आपणच गेला. पुढे तो बोलला नाही. पंच बी बोलले नाहीत. पंचनामा पुरा झाला.’’

परीक्षकांनी कागद हातात घेतला. मग विचारलं, ‘‘हे कुठं घडलं होतं?’’

‘‘घडलं व्हतं साहेब. मी नवीन नोकरीला लागलो तवा. त्या म्हाताऱ्याचं हे बोलणं मी ऐकलं, पर उर्दूच्या कागदात ते बसत नव्हतं. सोडून दिलं व्हतं.’’

मी अण्णांना रोज बघत होते, पण त्यांच्या डोक्यात तो म्हातारा इतकी वर्षं बसून होता हे मला माहीत नव्हतं. मायनं माझा हात धरला. तिचा हात ओला होता.

परीक्षकांनी कागदावर लाल पेन्सिलीनं ‘इचारले’चं ‘विचारले’ केलं, ‘इसरलो’ तसंच ठेवलं, आणि खाली सही केली. ‘‘पास,’’ म्हणाले. अण्णांना ऐकू गेलं नसावं, ते तसेच उभे. परीक्षक पुन्हा म्हणाले, ‘‘पेशकार, आपण पास आहात. आणि आपल्या त्या मित्रालाही मी ढकलतोय, फक्त त्यांना सांगा, यापुढं बैलाचं भूत करू नका.’’ मागं चाचांनी ‘‘शुक्र है’’ म्हणून भिंतीला डोकं टेकलं. ते हैदराबादला गेले नाहीत. पुढं माझ्या लग्नात वाढपी म्हणून मिरवले.

परीक्षक कागद आवरत होते. सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, ‘‘आपल्याला मराठी शिकवलं कुणी?’’

अण्णांनी खिडकीकडं बोट केलं. ‘‘माझ्या पोरीनं.’’

‘‘अस्सं? कितवीत आहे?’’

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. माझं पुढं काय करायचं हे घरात कुणीच ठरवलेलं नव्हतं. काकांचा निरोप होता, मायचं मन दोन्हीकडं होतं, आणि अण्णांनी त्या उन्हाळ्यात माझ्या शाळेचा विषय एकदाही काढला नव्हता. सरकारी माणसासमोर, सरकारी कचेरीत, ते म्हणाले, ‘‘साहेब, सातवी झाली. आता आठवीत जाणार हाय.’’

मी गज धरून मोठ्यानं रडायला लागले. सगळे वळून बघायला लागले तरी मला थांबता येईना. माय माझा चेहरा पदरानं पुसत म्हणाली, ‘‘रडतीस कामून? सांगितलं ना त्यांनी साहेबाला, आता बदलता येतंय व्हय?’’ आणि तिनं तिथंच व्हरांड्यात फडकं सोडून सगळ्यांना धपाटे वाटायला सुरुवात केली. पहिला परीक्षकांना दिला.

जूनमध्ये मी आठवीत गेले.